रुळांवर काम करणाऱ्यांची सुरक्षितता : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून दिव्यापर्यंत आणि ऐरोलीपासून नेरूळपर्यंत रुळांच्या देखभालीबद्दल लोक जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत रोजचे प्रवासी आहेत, गँगमनच्या घरची माणसं आहेत आणि नुकतीच भरती झालेली मुलंही आहेत. उत्तरं देताना माझं एक मत मी लपवलेलं नाही. ‘सावध राहा’ एवढं सांगून गँगमनचा जीव वाचत नाही. त्याला गाड्या नसलेला वेळ द्यावा लागतो. जॅकेट, शिटी, रेडिओ हे सगळं हवंच, पण ते त्याच्या खालोखाल.

रुळांवर दिसणारी ही माणसं नेमकी कोण असतात?

जुन्या भाषेत गँगमन, मग ट्रॅकमन, आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर. त्यांच्या टोळीला गँग म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला मुकादम किंवा मेट. रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जाणारा तो कीमन. त्यांच्यावर जेई (ज्युनियर इंजिनिअर) आणि एसएसई (सीनियर सेक्शन इंजिनिअर), म्हणजे पूर्वीचे पीडब्ल्यूआय साहेब. याशिवाय सिग्नलवाले, ओव्हरहेड तारांचे ओएचईवाले आणि बरेचसे कंत्राटी कामगार त्याच जागेत काम करतात. नारिंगी जॅकेटमुळे सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येकाचं प्रशिक्षण आणि हक्क वेगळे असतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

हा धोका खरंच एवढा मोठा आहे का?

आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षिततेवर अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत देशभरात सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी ड्युटीवर असताना मरण पावले आणि सुमारे ८७०० जखमी झाले, असं त्यात नोंदवलं आहे. याच काळात गाड्यांच्या अपघातांत मरण पावलेल्यांचा आकडा १०१९ होता. अपघाताच्या बातमीने आपण हादरतो. पण त्याहून जास्त माणसं एकेक करून, कुठल्या तरी किलोमीटरच्या दगडाजवळ जात होती. हे कर्मचारी फक्त गँगमन नव्हते, सगळ्या खात्यांचे होते. तरी दिवसभर चालत्या रुळांच्या मध्ये उभं राहण्याचं काम कुणाच्या वाट्याला येतं हे वेगळं सांगायला नको.

वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस गाडीखाली येतोच कसा? त्याला गाडी दिसत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यात नकळत दोष त्या माणसाला दिलेला असतो. म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

ताशी १०० किलोमीटरने येणारी लोकल एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. वळणामुळे गाडी ३०० मीटरवर आल्यावरच दिसली, तर हातात ११ सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात मान वर करायची, गाडी कोणत्या रुळावर आहे ते ओळखायचं, पहार किंवा जॅक उचलायचा, ओल्या खडीवरून पाय न घसरता बाहेर पडायचं आणि शेजारच्या रुळावर दुसरी गाडी नाही ना तेही पाहायचं. दहा माणसांच्या गँगमध्ये सगळ्यांनी हे एकाच वेळी करायचं असतं.

आता ठाण्याचं चित्र पाहा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली. आज ठाणे ते दिवा या पट्ट्यात सहा मार्ग आहेत. पाचवा-सहावा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. धीम्या लोकल, जलद लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळ्यांचे वेग वेगळे. माणसाला मारणारी गाडी बहुतेक वेळा तो जिच्याकडे पाहतोय ती नसतेच. तो डाऊन (मुंबईहून बाहेर जाणाऱ्या) धीम्या मार्गावरची गाडी पाहून बाजूला होतो आणि शेजारच्या रुळावर पाय ठेवतो. तिथे उलट दिशेने दुसरी येत असते. पहिल्या गाडीच्या धडधडाटात दुसरीचा भोंगा विरून जातो. डब्यांची लांबलचक भिंत आडवी आली की पलीकडचं दिसतही नाही.

आवाजाची गोष्ट तर आणखी फसवी आहे. नव्या लोकल जुन्यांपेक्षा शांत आहेत. सांधे जोडून लांब केलेल्या रुळांवर पूर्वीसारखी खटखट होत नाही. कटर, ग्राइंडर किंवा रुळाखालची खडी ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन चालू असेल तर शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही. १९१६ पासून वापरात असलेल्या, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगद्यात आवाज घुमतो आणि गाडी कोणत्या बाजूने येतेय ते कानांना सांगता येत नाही.

यात थकवा मिसळा. रात्रीच्या ब्लॉकवर, म्हणजे कामासाठी रुळावरच्या गाड्या बंद ठेवलेल्या वेळात, काम केलेला माणूस दुपारी पत्र्याच्या घरात झोपायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा कामावर येतो. अनुभवाने सवय लागते. दिवसाला शेकडो गाड्या शेजारून गेल्या की शरीर त्यांना दचकायचं बंद करतं. म्हणून जुन्या माणसालाही धोका असतो, काही बाबतींत नव्यापेक्षा जास्त.

गाडी येतेय हे गँगला कोण सांगतं?

लुकआउट मॅन. त्याच्या हातात शिटी आणि झेंडी असते आणि त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नसतं. फावडं हातात घेतलेला लुकआउट मॅन हा लुकआउट मॅन राहत नाही. माणसं कमी पडली की सगळ्यात आधी त्यालाच कामाला जुंपतात. ही वाईट सवय आहे आणि ती मोडणं मुकादमाच्या नव्हे, साहेबांच्या हातात आहे, कारण माणसं कमी देणारे तेच. वळणावर एक लुकआउट पुरत नाही. दोन्ही दिशांना वेगळा माणूस हवा. दृष्टी अडत असेल तर मध्ये निरोप्या म्हणून तिसरा.

रूळ उघडला असेल किंवा तुटलेला सापडला असेल तर गाडी थांबवण्याची व्यवस्था वेगळी. ब्रॉडगेजवर साधारण नियम असा की ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग (रुळावर आडवं ताणलेलं लाल कापड) आणि १२०० मीटरवर एकमेकांपासून १० मीटर अंतराने तीन डेटोनेटर लावायचे. चाक त्यावरून गेलं की स्फोटाचा आवाज होतो आणि मोटरमन गाडी थांबवतो. पण हे गाडीला वाचवण्यासाठी आहे. शेजारच्या चालू रुळावरून जाणाऱ्या गाडीपासून ते गँगला वाचवत नाही.

‘रक्षक’ नावाचं यंत्र आलंय म्हणे. मग प्रश्न मिटला का?

‘रक्षक’ व्हीएचएफ रेडिओवर चालतं. स्टेशनकडून गाडी गँगच्या दिशेने निघाली की माणसाजवळच्या यंत्रावर आवाज होतो आणि दिवा लागतो. एकट्या कीमनसाठी आणि मोठं अंतर असलेल्या दोन स्टेशनांमध्ये याचा खरा उपयोग आहे. ते प्रत्येक कीमनकडे असावं, चार्ज केलेलं असावं आणि बिघडलं तर त्याच दिवशी बदलून मिळावं.

कळवा-मुंब्रा पट्ट्यात मात्र मला शंका आहे. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर दिवसाला सुमारे १८०० लोकल फेऱ्या होतात. सहा मार्गांच्या मध्ये यंत्र सतत वाजत राहिलं तर माणूस त्याकडे लक्ष देणं सोडेल. कोणत्या मार्गावर, कोणत्या दिशेने गाडी येतेय हे नेमकं सांगणारं यंत्र इथे हवं. ते मिळालं तरी, इशारा मिळाल्यावर बाजूला होण्याचं काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

दर रविवारी मेगाब्लॉक कशासाठी? रात्री नाही का करता येत?

रात्रीही करतात, रोज करतात. पण शेवटची लोकल साधारण एकच्या पुढे जाते आणि पहिली चारच्या आसपास निघते. मधल्या वेळात मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या असतातच. गाडी गेल्यावर ब्लॉक मिळायचा, वीज बंद व्हायची, अर्थिंग लावायचं (बंद केलेली तार जमिनीशी जोडायची), मशीन जागेवर आणायचं, काम करायचं, मग हे सगळं उलट क्रमाने. कागदावर तीन तासांचा ब्लॉक असला तरी प्रत्यक्ष काम त्याहून बरंच कमी वेळ होतं. रूळ बदलणं, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) बदलणं, पुलाच्या गर्डरचं काम एवढ्यात बसत नाही.

माटुंगा ते मुलुंड, ठाणे ते कल्याण किंवा ठाणे ते वाशी-नेरूळ असा ब्लॉक जाहीर झाला की आपण कपाळाला आठ्या घालतो. लग्नाला जाणाऱ्याची, परीक्षा असलेल्या मुलीची अडचण खरी आहे. पण ब्लॉक नाकारला किंवा अर्ध्यावर गुंडाळला म्हणून रुळाचं काम टळत नाही. ते चालू गाड्यांच्या मध्ये, शिटीच्या भरवशावर केलं जातं. रविवारचे ते चार-पाच तास म्हणजे गँगमनला मिळालेली सगळ्यात भक्कम संरक्षक भिंत आहे.

ब्लॉक मिळाला म्हणजे धोका संपला ना?

त्या रुळावरचा बराचसा संपला. शेजारचा चालूच असतो. म्हणून शेजारच्या मार्गावर वेगमर्यादा लावणं आणि दोहोंच्या मध्ये तात्पुरतं कुंपण किंवा निदान रंगीत दोरी बांधणं गरजेचं. ब्लॉकमध्ये कामाची मशीनं आणि मालाच्या गाड्या त्याच रुळावरून पुढे-मागे होतात, तेव्हाही माणसं चिरडतात. ब्लॉकमध्ये माणूस निश्चिंत झालेला असतो, हे त्यामागचं मोठं कारण.

सगळ्यात नाजूक क्षण ब्लॉक संपण्याचा. कंट्रोलचा, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाचा, फोन सुरू होतो, ‘किती वेळ, किती वेळ’. घाईत हत्यारं गोळा होतात, कोणी विसरलेला पाना आणायला परत जातो. ब्लॉक सुरू होताना माणसं आणि हत्यारं मोजावीत, संपताना पुन्हा मोजावीत आणि मोजणी जुळल्याशिवाय रूळ मोकळा झाल्याचं कळवू नये. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. यासाठी लागतो ब्लॉक दहा मिनिटं लांबला तर मुकादमाला न झापणारा अधिकारी.

नवी मुंबईत तर दोनच रूळ आहेत. तिथे धोका कमी असेल?

गर्दी कमी, धोका वेगळा. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्ग २००४ मध्ये सुरू झाला, नेरूळ-उरण मार्ग जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला. तुर्भ्याच्या पुढे मार्ग फुटतो. एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगरवरून नेरूळकडे. अशा ठिकाणी गाडी कुठे वळणार याचा अंदाज बांधून उभं राहणं जिवावर बेततं. रबाळे, घणसोलीच्या बाजूला खाडी आणि कांदळवन जवळ आहे. पावसाळ्यात रुळालगतच्या गवतात साप निघतात. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध मिळतं याची माहिती गँगकडे असायला हवी.

विजेचा धोका किती?

डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. मुंबईतला जुना १५०० व्होल्ट डीसी प्रवाह २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने गेला. या तारेला हात लागायची गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. वीज बंद करून अर्थिंग केलेलं नसेल तर शरीर आणि हातातलं हत्यार दोन्ही तारेपासून किमान दोन मीटर लांब. लांब लोखंडी पहार उभी धरून चालायचं नाही. पावसात छत्री उघडून वॅगनवर चढायचं नाही.

खालचा धोका कमी लोकांना माहीत असतो. गाडीने वापरलेला प्रवाह रुळांतूनही परत जातो. तुटलेल्या रुळाची दोन टोकं एकाच वेळी उघड्या हातांनी धरली तर तो प्रवाह माणसातून वाट काढू शकतो. रूळ काढण्यापूर्वी तात्पुरती जोडतार लावायची ती यासाठी. कंत्राटी पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगतोय.

पावसाळ्यात काम थांबवतात का?

उलट वाढतं. खडी वाहून जाते, रुळांवर पाणी चढतं, मुंब्र्याच्या डोंगराकडून दगड-माती येते. रात्रीची गस्त सुरू होते. पण नियम स्पष्ट आहे. दाट धुकं किंवा वादळी पावसामुळे दिसणं कमी झालं असेल तर तातडीची गरज सोडून रूळ काढू नये आणि मार्गात अडथळा येईल असं काम करू नये. मुकादमाने हा नियम पाठ ठेवावा. साहेबांनी फोनवर आग्रह केला तरी नम्रपणे तोच सांगावा आणि डायरीत वेळेसकट लिहून ठेवावा.

कीमन एकटाच का फिरतो?

पद्धत तशीच आहे. हातोडा, पाना, झेंड्या, डेटोनेटर असा भार खांद्यावर घेऊन तो रोज काही किलोमीटर चालतो, रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या, निघालेल्या चाव्या बसवतो, भेगा शोधतो. वाकून चावी ठोकताना त्याच्या मागे कोणी नसतं. सहा मार्गांच्या पट्ट्यात आणि बोगद्यात कीमनसोबत दुसरा माणूस असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पैसे लागतील. लागू देत.

कंत्राटी कामगारांचं काय?

ते आठवड्यापूर्वी गावाहून आलेले असतात. अनेकांना अप आणि डाऊन यांतला फरक माहीत नसतो. त्यांना रुळांवर उतरवण्याआधी त्यांना कळणाऱ्या भाषेत प्रशिक्षण, ओळखपत्र आणि रेल्वेचा जबाबदार कर्मचारी जागेवर हजर, या तीन गोष्टींवर तडजोड नको. ठेकेदार नेमला म्हणून रेल्वेची जबाबदारी संपत नाही. कायद्याच्या दृष्टीने मुख्य मालक तीच राहते आणि अपघातात भरपाईची जबाबदारी तिच्यापर्यंत पोहोचते.

इतर देशांत काय करतात?

ब्रिटनचं उदाहरण आपल्याला लागू पडतं. ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधल्या मार्गम इथे दोन ट्रॅक कामगार गाडीखाली मरण पावले. आवाज करणारं यंत्र चालू होतं, कानांवर संरक्षक होते आणि गाडीकडे पाहणारं कोणी नव्हतं. त्यानंतर तिथल्या रेल्वेने फक्त लुकआउटच्या भरवशावर, चालू गाड्यांमध्ये काम करण्याची पद्धत झपाट्याने कमी केली. अमेरिकेत गाडी पोहोचण्याच्या किमान १५ सेकंद आधी माणूस सुरक्षित जागी पोहोचलेला असावा, असा नियम १९९७ पासून आहे. ताशी १०० किलोमीटरच्या गाडीसाठी हे अंतर होतं साधारण ४१७ मीटर. मुंब्र्याच्या वळणावर तेवढं दिसतं का, हे जागेवर उभं राहून मोजायला हवं. दिसत नसेल तर तिथे ब्लॉकशिवाय काम नाही.

महिला ट्रॅक मेंटेनरसाठी वेगळं काही आहे का?

रूळ सगळ्यांना सारखाच धोकादायक. पण सेक्शनमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या रुळाच्या पट्ट्यात, स्वच्छतागृह नसतं, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणी कमी पितात. उन्हाळ्यात त्याने चक्कर येते आणि चालू रुळाशेजारी चक्कर येणं म्हणजे अपघातच. गँगच्या खोलीत स्वच्छतागृह, मापाचे बूट आणि मापाचं जॅकेट हा सुरक्षिततेचा भाग आहे, सवलत नाही.

थोडक्यात बचावलो तर कुणाला सांगायचं?

लेखी सांगा. मुकादमाला, एसएसईला, सेफ्टी कौन्सेलरला (सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याला), युनियनच्या प्रतिनिधीला. जागा, वेळ, कोणता मार्ग, काय झालं, एवढं पुरे. आज लोक गप्प बसतात, कारण ‘तू रुळावर का होतास’ असा उलटा प्रश्न येतो आणि चार्जशीटची भीती असते. बचावलेल्या माणसाला शिक्षा न देता त्याचं ऐकून घेतलं, तर पुढचा मृत्यू टाळण्याची माहिती फुकट हातात पडते.

अपघात झालाच तर घरच्यांनी काय करावं?

दुःखात कागद सुचत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांनी पुढे व्हावं. लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत घ्या. माणूस ड्युटीवर होता हे दाखवणारी हजेरी आणि मुकादमाची डायरी, यांच्या नोंदींचे फोटो त्याच दिवशी मिळवा. जखमी असेल तर कल्याण किंवा भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयात ‘ड्युटीवर इजा’ अशी नोंद झाली का ते पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. रेल्वेच्या वेल्फेअर इन्स्पेक्टरला (कर्मचारी कल्याण पाहणाऱ्याला) भेटा. केंद्रीय कर्मचाऱ्याचा ड्युटी करताना अपघाती मृत्यू झाल्यास सातव्या वेतन आयोगानंतर २५ लाख रुपयांचं सानुग्रह अनुदान आहे. कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरीचा अर्ज वेगळा. कंत्राटी कामगाराच्या घरच्यांनी ओळखपत्र, पगाराची पावती आणि सोबत्यांची नावं जपून ठेवावीत.

आम्ही प्रवासी आणि रुळालगत राहणारे काय करू शकतो?

खिडकीतून नारळ, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या फेकू नका. खाली माणूस असतो. कळवा-मुंब्रा भागात रुळालगत टाकलेला कचरा गँगची उभं राहायची जागा खातो, गटार तुंबवतो आणि तो उपसायलाही तेच उतरतात. रूळ ओलांडू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. रूळ तुटलेला किंवा मोठा अडथळा दिसला तर स्टेशन मास्तरांना किंवा १३९ वर कळवा.

मुलाची ट्रॅक मेंटेनर म्हणून निवड झाली आहे. त्याला काय सांगू?

त्याने ३५ किलो वजन उचलून १०० मीटर चालून आणि १००० मीटर धावून परीक्षा दिली आहे, तेव्हा अंगात ताकद आहे. आता त्याला कामाआधी विचारायला शिकवा. आज ब्लॉक आहे का? कोणत्या रुळावर, किती ते किती? लुकआउट कोण? गाडी आली की आपण सगळ्यांनी कोणत्या बाजूला जायचं? ही बाजू काम सुरू होण्याआधी ठरलेली असावी आणि सगळे एकाच बाजूला गेले पाहिजेत. मोबाइल बंद करून डब्याच्या पिशवीत. रात्रपाळी असेल तर दिवसा त्याला झोपू द्या, दळण आणायला पाठवू नका. आणि पहिल्या आठवड्यात कुणी त्याला एकट्याला सेक्शनमध्ये पाठवलं, तर त्याच संध्याकाळी त्याला सोबत घेऊन एसएसईच्या ऑफिसात जा.